प्रोटीन वाढलंय, एवढंच

पॅथॉलॉजी लॅबमध्ये जन्म काढलेल्या बाईला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. रक्त बघून चक्कर येत नाही का, आणि उरलेल्या रक्ताचं पुढे काय करता. पहिल्याचं उत्तर, नाही. दुसऱ्याचं उत्तर, नियमाप्रमाणे निर्जंतुक करून टाकून देतो; पण हे उत्तर कुणालाच पसंत पडत नाही. आमच्या पिरंगुटातल्या एका गृहस्थांची ठाम समजूत होती की मी ते विकते. त्यांची तक्रार विकण्याबद्दल नव्हती, त्यांना विचारलं नाही याबद्दल होती.

संपादकांनी कामाबद्दल लिहा म्हटलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. माझ्या नोकरीचा इतिहास एका ओळीत संपतो. बार्शीहून आले, पिरंगुटात हार्डवेअरच्या दुकानावरचा जिना चढले, एकतीस वर्षांनी उतरले. मधल्या काळात खिडकीखालचा पौड रस्ता तीनदा रुंद झाला आणि चारदा उखडला. तेव्हा इतिहास नको, एकाच तपासणीबद्दल सांगते. रक्तातल्या प्रोटीनची तपासणी. रिपोर्ट हातात आला की लोक आधी शुगर बघतात, मग कोलेस्टेरॉल बघतात आणि कागदाची घडी घालतात. प्रोटीन बहुधा दुसऱ्या पानावर असतं. तिथपर्यंत कुणी पोचत नाही.

रक्त नळीत घेऊन अर्धा तास स्वस्थ ठेवलं की गोठतं, आणि फिरवलं की वर पिवळं पाणी सुटतं. त्याला आम्ही सीरम म्हणतो. त्यात निळं औषध घातलं की ते जांभळं होतं. जितकं प्रोटीन जास्त, तितका जांभळा रंग गडद; यंत्र तो गडदपणा मोजतं. झालं एकूण प्रोटीन. दुसऱ्या रंगाने अल्ब्युमिन मोजतात. हे लिव्हरमध्ये तयार होतं आणि रक्तातलं पाणी रक्तातच धरून ठेवतं. माणूस फार दिवस आजारी किंवा उपाशी राहिला की ते उतरतं आणि पायाला सूज येते. उरलेलं सगळं ग्लोब्युलिन. त्यात रोगाशी भांडणारी प्रोटीनं येतात. हे ग्लोब्युलिन आम्ही मोजत नाही. एकूणमधून अल्ब्युमिन वजा करतो आणि येईल ते छापतो. म्हणजे रिपोर्टवर आमची सही असते, त्यातला एक आकडा निव्वळ वजाबाकीचा असतो. हे आजवर कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

आकडा मर्यादेबाहेर गेला की यंत्र त्याच्यापुढे चांदणी छापतं. सूसच्या एका सोसायटीतले इंजिनिअर गृहस्थ एकदा अशी एक चांदणी घेऊन हेल्मेटसकट आत आले. सूसहून पिरंगुटला येईपर्यंत त्यांनी मोबाइलवर इतकं वाचलं होतं की लिव्हर जवळजवळ गेलंच होतं. खरी गोष्ट अशी, की त्यांची शीर सापडेना म्हणून दंडाला बांधलेला रबरी पट्टा मी जरा जास्त वेळ ठेवला होता. पट्टा जास्त वेळ राहिला की तिथलं पाणी शिरेबाहेर जातं आणि रक्त दाट होतं. चूक माझी होती, मी कबूल केली आणि पुन्हा रक्त घेतलं. चांदणी गेली. त्यांना ती गेल्याचं लेखी हवं होतं, तेही दिलं.

दुसरा एक मुलगा लवळ्याच्या कॉलेजातला, हॉस्टेलवर राहणारा. दंड माझ्या मांडीएवढा. रोज दोन वेळा प्रोटीनची पावडर खात होता आणि ती अंगी लागते की नाही, हे त्याला रक्तात बघायचं होतं. रिपोर्ट अगदी साधा आला, त्याच्या वॉचमनचा यावा तसा. तो रडकुंडीला आला. मी त्याला खुर्चीत बसवून अर्धा तास समजावलं की बाबा रे, खाल्लेलं प्रोटीन पोटात मोडतं, त्याचं शरीर काय करायचं ते करतं, आणि रक्तातलं प्रोटीन ही निराळी गोष्ट आहे. डबाभर पावडर खाल्ली म्हणून हा आकडा वाढत नाही. कागदावर चित्र काढून दाखवलं. जाताना तो म्हणाला, मॅडम, आमचे सर पण इतकं छान सांगत नाहीत. मला बरं वाटलं. तो दिवस आणि तो अर्धा तास मला नीट लक्षात आहे, कारण त्याच आठवड्यात हौसाबाई आल्या.

हौसाबाई साठीच्या आसपासच्या, पौडच्या पुढच्या धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या धनगरवाड्यातल्या. घरात शेळ्या, थोडी मेंढरं, उतारावर नाचणीचं रान. मुलगा बाळू माणच्या बांधकामांवर मजुरीला जायचा. सहा महिने कंबर दुखत होती, चालवत नव्हतं, म्हणून पौडच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन आमच्याकडे पाठवलं होतं. मंगळवार होता. मी सुई टोचली तेव्हा त्यांनी हाताकडे पाहिलंही नाही. खिडकीतून खाली रस्त्यावर चाललेली मेंढरं मोजत होत्या. ती त्यांची नव्हती, पण सवय.

त्यांचं सीरम पिपेटमध्ये ओढताना हाताला जड लागलं. काचपट्टीवर रक्ताचा थर दिला तर लाल पेशी सुट्या पडेनात, एकीवर एक चिकटून चळती झालेल्या. एकूण प्रोटीन दहा पॉइंट आठ. आठच्या वर गेलं की आम्ही भुवया उंचावतो. अल्ब्युमिन दोन पॉइंट नऊ, म्हणजे कमी. वजाबाकी केली आणि आकडा छापायच्या आधी खुर्चीत टेकले. ग्लोब्युलिन असं दोन कारणांनी वाढतं. जुना ताप, क्षय, लिव्हरचं दुखणं असलं तर शंभर तऱ्हेची प्रोटीनं मिळून वाढतात. किंवा मग एकच तऱ्हा बेफाम वाढते, आणि ते वाईट असतं. कोणतं आहे ते कळायला पुढची एक तपासणी लागते.

आमचे पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. त्यांनी दुपारी काचपट्टी पाहिली आणि रिपोर्टच्या तळाशी एक ओळ लिहिली की ही पुढची तपासणी करून घ्यावी. ओळ इंग्रजीत होती. आमच्याकडे सगळ्याच ओळी इंग्रजीत असायच्या आणि त्यात काही चुकतंय असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं.

बुधवारी बाळू रिपोर्ट न्यायला आला. आमच्या धंद्यात एक नियम आहे. तंत्रज्ञाने आकडा सांगायचा, अर्थ सांगायचा नाही. अर्थ डॉक्टर सांगतात. नियम चांगला आहे. अर्धवट माहितीवर कुणाच्या घरात आग लावू नये म्हणून तो आहे, आणि मी तो पाळण्याबद्दल प्रसिद्ध होते. बाळूनं विचारलं, काय निघालं? मी म्हटलं, "प्रोटीन वाढलंय."

"वाढलंय म्हंजे चांगलंच हाय की," तो म्हणाला.

"नाही, चांगलं नाही. फार वाढलंय. डॉक्टरांना दाखवा."

तो बरं म्हणाला आणि गेला. मागे रांग होती. सगळं मिळून अर्धा मिनिट लागलं असेल. हौसाबाईंचं उरलेलं सीरम मी पुढच्या तपासणीसाठी फ्रीजमध्ये ठेवलं; तिचे पैसे वेगळे पडतात, म्हणून घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय ती आम्ही करत नसू. दोन-तीनदा फोन लावला, तो कव्हरेजच्या बाहेर. पौडच्या डॉक्टरांना कळवलं, ते म्हणाले, आल्या की बघतो. आठवडा झाला, तशी ती नळी मी नियमाप्रमाणे टाकून दिली.

चार महिन्यांनी त्या परत आल्या. मी आधी ओळखलंच नाही. बाळूची बायको संगीता त्यांना धरून जिना चढवत होती. हौसाबाई प्रत्येक पायरीला थांबत होत्या. पावलं सुजलेली, चेहरा ओढलेला. संगीता नववी शिकलेली, अंगणवाडीत मदतनीस. चटपटीत, नीटनेटकी. तिनं जुना रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणला होता. तो माझ्यापुढे ठेवून म्हणाली, आत्यांचं प्रोटीन उतरलं का ते बघायचं हाय.

मी विचारलं, डॉक्टरांनी काय औषध दिलं? ती म्हणाली, डॉक्टरांकडं गेलोच न्हाई, कारण समजल्यावर डॉक्टर कशाला? आणि मग तिनं मला सगळं सांगितलं. बाळूनं घरी जाऊन सांगितलं होतं की आयेचं प्रोटीन फार वाढलंय आणि ते वाईट आहे. प्रोटीन म्हणजे काय हे त्या घरात संगीताला ठाऊक होतं. अंगणवाडीच्या भिंतीवर तक्ताच होता. डाळ, दूध, अंडी, मटकी, शेंगदाणे, मटण. रोज ती पोरांकडून तो म्हणून घेत होती. तिनं त्याच दिवशी सासूचं सगळं बंद केलं. चार महिने हौसाबाई भाकरी, पेज आणि मिरचीच्या ठेच्यावर होत्या. शेंगदाणे नसलेला ठेचा संगीता वेगळा वाटत होती.

"लई कडक पथ्य ठिवलंय बाई," ती म्हणाली. "जत्रंला बकरं पडलं, पर वाटीभर रस्सा दिला न्हाई मी."

तिच्या बोलण्यात अभिमान होता आणि तो खरा होता. मुलखात इतकं काटेकोर पथ्य कुणी पाळल्याचं मी ऐकलं नाही. डॉक्टरांनी साखर बंद करा म्हटलेले लोक आमच्याच जिन्याखाली जिलबी खाताना मी पाहिले आहेत.

रक्त घेतलं. तोवर बाळू खाली गाडी लावून वर आला होता. तिघं बाकावर बसले. यंत्राने तासाभरात आकडे दिले. एकूण प्रोटीन अकरा पॉइंट सहा. अल्ब्युमिन एक पॉइंट नऊ. किडनीचा आकडाही वर गेलेला. मी कागद हातात घेऊन बाहेर आले आणि तोंड उघडायच्या आत बाळूनं तो माझ्या हातातून घेतला. अक्षरं त्याला फारशी लागत नव्हती, पण कोणता आकडा बघायचा हे त्याला माहीत झालं होतं. दहा आणि अकरा त्याला कळत होते.

तो आईकडे वळला. आवाज चढला नव्हता, म्हणून ते जास्त वाईट होतं.

"आये, तू दूध पितीयास."

"न्हाई रं," हौसाबाई म्हणाल्या.

"मग ह्ये वाढलं कुटनं? मी चरवीला कोळशानं रेघ मारून ठिवतुया रोज. आमी हितं तुज्यासाठी मरतुया आन् तू चोरून पितीयास."

संगीता खाली बघत होती. हौसाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग अगदी हळू म्हणाल्या, "धार काडताना मी तोंड फिरवून बसती, बाळू. वास आला की जीव जातो म्हून."

मला लाज वाटली. तीस वर्षांच्या जवळ आलेल्या नोकरीत रक्त सांडलं, नळ्या फुटल्या, एकदा दोन सदाशिवांचे रिपोर्ट उलटसुलट गेले, पण लाज अशी वाटली नव्हती. एका म्हाताऱ्या बाईला तिच्या घरातल्या शेळीचं दूध चार महिने मिळालं नव्हतं आणि आता ती चोर ठरली होती, माझ्या दोन शब्दांमुळे. आणि ते दोन शब्द खोटेही नव्हते. पावडरवाल्या मुलाला मी जे अर्धा तास सांगितलं, ते या बाकावर अर्ध्या मिनिटात सांगता आलं असतं.

मी नियम बाजूला ठेवला. बाळूच्या हातातून कागद काढून घेतला आणि सांगितलं की चूक माझी आहे, मी अर्धं सांगितलं होतं. हे प्रोटीन दुधाचं नाही, डाळीचं नाही, कोंबडी-बकऱ्याचं नाही. माणसाच्या हाडात मगज असतो. त्या मगजात रोगाशी लढणारी प्रोटीनं तयार होतात, हजार प्रकारची. यांच्या मगजातला एकच प्रकार माजलाय आणि तोच तयार होत सुटलाय. त्यांनी काहीही खाल्लं नसतं तरी हा आकडा वाढलाच असता. उलट न खाल्ल्याने अंगात होतं ते चांगलं प्रोटीन उतरलं. या पायाला सूज आहे, ती त्याचीही आहे.

 संगीतानं एकदम विचारलं, मग तक्त्यावरचं प्रोटीन? मी म्हटलं, नाव एकच आहे, गोष्टी दोन आहेत. त्याला तुझा इलाज नव्हता.

हौसाबाईंना यातलं मगज वगैरे किती कळलं कोण जाणे. त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"म्हंजे मी चोरी केली न्हाई, ह्ये कागदात लिवलंय?"

मी म्हटलं, हो, लिहिलंय.

शुक्रवार होता, डॉक्टर लॅबमध्येच होते. त्यांनी आतून सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ओरडा बसणार. ते एवढंच म्हणाले, पट्टी चालवा. ही ती पुढची तपासणी. आमच्या डॉक्टरांनी हौसेने तिची एक जुनी पेटी घेऊन ठेवली होती. एका ओल्या पांढऱ्या पट्टीवर सीरमचा बारीक थेंब लावायचा, दोन टोकांना वीज द्यायची. प्रोटीनं पट्टीवरून धावू लागतात, विजेची ओढ जास्त ती पुढे, कमी ती मागे. मग लाल रंगात बुडवून आंबूस वासाच्या पाण्याने धुवायची. निरोगी माणसाच्या पट्टीवर पुढे अल्ब्युमिनचा जाड ठिपका, मधे दोन-तीन फिक्या रेघा आणि मागे पुसट लाली पसरलेली दिसते. हौसाबाईंच्या पट्टीवर ती लाली नव्हतीच. तिथे एकच गडद रेघ होती, फूटपट्टी लावून ओढल्यासारखी. अशी रेघ आम्ही वर्षात एखादीच बघत असू. कामाच्या दृष्टीने ती फार सुंदर होती, आणि हेही मला सांगितलंच पाहिजे.

डॉक्टरांनी तिघांना आत बोलावलं आणि हाडाच्या मगजाचा कॅन्सर आहे, हे मराठीत सांगितलं. पुण्यात मोठ्या सरकारी दवाखान्यात कुणाला भेटायचं ते कागदावर लिहून दिलं, तेही मराठीत. संगीता रडली. बाळूनं आईचा हात धरला आणि सोडला नाही. खाली उतरल्यावर रस्त्यापलीकडच्या टपरीवर तिघं थांबलेले मी खिडकीतून पाहिले. बाळूनं ग्लासभर दूध घेतलं, बशीत ओतून फुंकर घातली आणि आईच्या तोंडाशी धरलं. ती भर रस्त्यात लाजली.

औषधं सुरू झाली. गोळ्या, पोटावरची इंजेक्शनं. किडनी पुरती गेली नाही. दर महिन्याला रक्त आमच्याकडेच यायचं, आणि दर महिन्याला मी पट्टी चालवायचे. रेघ बारीक होत गेली. सहाव्या महिन्यात नवख्याला दिसली नसती इतकी फिकी झाली. पुसली गेली नाही कधी. हौसाबाई मात्र जिना न थांबता चढू लागल्या आणि येताना माझ्यासाठी नाचणीचं पीठ आणू लागल्या. मी नको म्हणायचे, त्या ऐकायच्या नाहीत. त्यानंतर दोन वर्षं आणि वर काही महिने त्या जगल्या. मग रेघ पुन्हा गडद व्हायला लागली, आणि त्याच थंडीत न्यूमोनियाचं निमित्त झालं. चार महिने लवकर सुरुवात झाली असती तर किती दिवस वाढले असते, असं मी आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ते कुणालाच सांगता येत नाही. माझ्या समाधानासाठी म्हणाले की खरं म्हणून म्हणाले, कळलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात संगीता एकटीच आली. थकवा वाटत होता, हिमोग्लोबिन बघायचं होतं. मी रक्त घेतलं, कोपरात कापसाचा बोळा दिला, हात दुमडून धर म्हटलं. तिनं धरला. बोळ्याचं काम झालं तरी ती उठेना. माझं नळीवर नाव घालून झालं, दुसऱ्या पेशंटला मी थांबायला सांगितलं, तरी ती बसलेलीच. शेवटी खाली बघत म्हणाली, "बाई, चार महिनं मी आत्यांना उपाशी ठिवलं. त्ये त्येंच्या रक्तात दिसलं व्हतं का?"

दिसलं होतं. दोन पॉइंट नऊचं एक पॉइंट नऊ. आजारानेही अल्ब्युमिन उतरतं हे खरं आहे, आणि त्यातलं किती आजाराचं अन् किती पेजेचं, हे मला वेगळं काढून दाखवता आलं नसतं. पण आकडा होता, मीच मोजला होता आणि त्याखाली माझी सही होती. त्या दिवशी बाकावर मी तिच्यासमोर बोलूनही गेले होते. ती ते विसरली नव्हती. तिला ते माझ्याकडून पुन्हा ऐकायचं होतं, की ऐकायचं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून समजेना. एकतीस वर्षांत मी पेशंटला कधी खोटा रिपोर्ट दिला नाही.

"न्हाई," मी म्हटलं. "कायबी दिसलं न्हाई. सूज आजाराची व्हती. मी त्या दिशी घाईत चुकीचं बोलले."

तिनं मान वर केली. हौसाबाई परत आल्या त्या दिवसापासून मी प्रत्येकाला सांगते तसं तिलाही म्हटलं, मी काय सांगितलं ते आता तू सांग.

"कायबी दिसलं न्हाई," ती म्हणाली.

मी तिला ते आणखी एकदा म्हणायला लावलं.